विजयदुर्ग, १३ फेब्रुवारी १७५६: आमच्या गावाचं नाव लंडनच्या चर्चमध्ये कसं गेलं

गिर्ये_ते_ग्रीनिच
१३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार. चारेक वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी मूळचा विजयदुर्गचा. बंदरापासून वर चढलं की पाच मिनिटांवर घर. लहानपण किल्ल्यातच गेलं म्हणा ना, क्रिकेटचा बॉल तटावरून खाली गेला की आउट आणि आणायला पण त्यानेच जायचं, असला नियम. किल्ल्याबद्दल आम्हाला काय माहीत होतं तर, एक, महाराजांनी आदिलशहाकडून घेतला. दोन, समुद्राखाली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची. तीन, किल्ला कधी कोणाला लढून घेता आला नाही. हे तिसरं तर गावात कोणालाही विचारा, अगदी ठासून सांगतील.

आता कामानिमित्त इंग्लंडात आहे. गेल्या महिन्यात आईबाबा आले होते म्हणून त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबी दाखवायला नेलं. राजेराण्या, कवी, शास्त्रज्ञ सगळे बघून झाले, आई थकून बसली होती. उत्तरेकडच्या भागात एक मोठ्ठं संगमरवरी स्मारक आहे, रोमन लोकांसारखं वस्त्र गुंडाळलेला कोणी दर्यावर्दी उभा, एका बाजूला गुडघे टेकलेली बाई, दुसऱ्या बाजूला साखळदंडातला कैदी. ॲडमिरल चार्ल्स वॉटसन. बाई म्हणजे कलकत्ता आणि कैदी म्हणजे चंद्रनगर. आणि त्या दोघांच्या बरोबरीने कोरलंय की घेरिया घेतला, फेब्रुवारी १३, १७५६.

बाबा म्हणाले, "अरे घेरिया म्हणजे आपलोच मरे."

खरंच आपलंच. विजयदुर्गचं जुनं नाव घेरिया, शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेलं असं धरतात. तिथे उभ्या उभ्या अंगावर काटा आला, पण अभिमानाने नाही, जरा लाजच वाटली. म्हणजे ज्या दिवशी आमचा गाव पडला तो दिवस परक्या देशात दगडात कोरून ठेवलाय आणि गावात तो दिवस कोणाला सांगता येत नाही. मला स्वतःला ३८ वर्षांत माहीत नव्हता!

मग घरी येऊन वाचत सुटलो. थोडक्यात असं की तुळाजी आंग्रे, कान्होजींचा मुलगा, तेव्हा विजयदुर्गात. पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांनी मिळून त्याच्यावर चाल केली. इंग्रज समुद्रातून, पेशव्यांची फौज जमिनीवरून. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या, दुपारी आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं, १३ ला किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण. इंग्रजांच्या पायदळाचा म्होरक्या रॉबर्ट क्लाइव्ह. हो तोच, प्लासीवाला. प्लासी जून १७५७, म्हणजे आमच्याकडून गेल्यावर सोळा महिन्यांनी.

आज त्याला २७० वर्षं झाली. झोप येत नाहीये म्हणून लिहिलं. कोणाला अजून काही माहीत असेल तर सांगा, विशेषतः गावाचं काय झालं त्या दोन दिवसांत. किल्ल्याचं सगळे लिहितात, गावाचं कोणी लिहीत नाही.

---

अनुजा_क
१४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

छान लिहिलंय, वाचनमात्र राहू नका आता. बाबांचं वाक्य वाचून हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.

एक शंका, अजिंक्य म्हणतात ते मग पूर्णच खोटं का?

---

दप्तरबाज
१४ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

अनुजाताई, पूर्ण खोटं नाही. १७५६ च्या आधीचा हिशोब बघा. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून, त्याने कान्होजींवर मोहिमांवर मोहिमा काढल्या, त्यातली १७२० सालची वॉल्टर ब्राउनची मोहीम थेट घेरियावर होती. त्यासाठी इंग्रजांनी एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेतला होता, काही उपयोग झाला नाही, हात हलवत परत. १७२४ ला डच आले, सात जहाजं घेऊन, तेही परत. त्यामुळे कान्होजींच्या हयातीत (गेले ४ जुलै १७२९) हा किल्ला खरोखरच कोणाला मिळाला नाही. गावात जी आठवण टिकली ती त्या काळाची आहे. तुळाजीच्या काळाची टिकली नाही कारण ती सांगायला अवघड आहे, शत्रू कोण आणि आपला कोण हेच धड सांगता येत नाही.

कान्होजींनंतर घरातच फाटाफूट. संभाजी विजयदुर्गात, मानाजी कुलाब्यात, दोघांचं भांडण आणि मिटवायला मध्ये पेशवे. संभाजी १७४२ ला गेला, मग तुळाजी. तुळाजी दर्यावर बापासारखाच. इंग्रजांचं रेस्टोरेशन नावाचं जहाज त्याने १७४९ मध्ये धरून नेलं, १७५४ मध्ये डचांनी त्याच्याशी लढताना तीन जहाजं गमावली. हे रेस्टोरेशन नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे.

पण जमिनीवर त्याने सगळ्यांशी वैर धरलं. वाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य, सगळ्यांच्या मुलखात हात घातला, आणि शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारल्यावर पेशव्यांचं वर्चस्व मानायला तो तयारच नव्हता. माझ्या मते नानासाहेब पेशव्यांच्या दृष्टीने तो बंडखोर सरदार होता आणि इंग्रजांच्या दृष्टीने चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. दोघांचं गणित जुळलं.

मार्च १७५५ मध्ये करार झाला. पेशव्यांकडून रामाजी महादेव बघत होते. लगेच कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, एप्रिलच्या सुरुवातीला. विजयदुर्गाला तोंड फुटलं ते पुढच्या हिवाळ्यात.

---

शूटर्स_हिलवाला
१४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

लंडनकर आहे म्हणून राहवत नाही. धागाकर्ते, तुम्ही ग्रीनिचकडे असाल तर शूटर्स हिलवर जा, तिथे झाडीत एक त्रिकोणी बुरूज आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग!! वरच्या जेम्सच्या बायकोने नवरा गेल्यावर १७८४ मध्ये त्याच्या आठवणीत बांधला. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं, सहा वर्षं तिथे जॉगिंग करतोय आणि मला वाटायचं की हे कुठलं तरी स्कॉटिश नाव असेल 🙈

आणि ग्रीनिचच्या नाविक संग्रहालयाकडे घेरियाच्या लढाईचं तैलचित्र पण आहे, डॉमिनिक सेरेस नावाच्या चित्रकाराचं, १७७१ चं. म्हणजे एका शहरात तुमच्या गावावर चित्र, चर्चमध्ये नाव, टेकडीवर शेजारच्या किल्ल्याचा बुरूज.

---

गाबीत_पोर
१४ फेब्रुवारी, दुपारी ३:४८

धागाकर्त्यानू, गाववाले भेटले बरा वाटला. मी पण थयलोच, आता देवगडाक असतंय. मालवणीत लिवलंय तर बाकीच्यांका समजूचा नाय म्हणान मराठीत लिहितो, चुकलं तर हसू नका.

दुपारी आरमार जळालं हे जे तुम्ही लिहिलंय ना त्यात आमच्या मासेमारीच्या धंद्यातली एक गोष्ट आहे जी पुस्तकवाले सांगत नाहीत. माघ महिन्यात आमच्याकडे सकाळी मतलय असतो, म्हणजे वारा जमिनीकडून दर्यात. होडी बाहेर काढायला चांगला. दुपार झाली की वारा फिरतो, खारा वारा दर्याकडून आत येतो आणि संध्याकाळपर्यंत चढत जातो. शिडाच्या जहाजाला खाडीत शिरायचं असेल तर दुपारीच शिरता येईल, सकाळी शिरायचं म्हटलं तर जमणारच नाही. म्हणजे इंग्रज दुपारी आत आले असणार, आणि तेव्हा वारा कुठून कुठे? दर्याकडून खाडीत. आता तुळाजीची गुराबं, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, किल्ल्याच्या आडोशाला खाडीच्या बाजूला. आग एका जहाजाला लागली की वारा ती कुठे नेणार? खाडीच्या आत, उरलेल्या जहाजांवर. ह्या समजूक पुस्तक कशाक होया, चुलीत फुंकर मारून बघा.

---

दप्तरबाज
१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

व्वा गाबीत_पोर, दंडवत घ्या. इंग्रजांची हकीकत तुमच्या वाऱ्याशी तंतोतंत जुळते. दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर जहाजं दोन रांगा करून वाघोटणच्या खाडीत शिरली, किल्ल्याच्या उत्तर अंगाला. एका रांगेत मोठी लढाऊ जहाजं, केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी वगैरे, वॉटसन स्वतः केंटवर. केंटवर सत्तर तोफा होत्या, नुसती कल्पना करा. दुसऱ्या रांगेत कंपनीची लहान जहाजं आणि उखळी तोफांच्या होड्या.

चारच्या सुमाराला एक गोळा जाऊन पडला रेस्टोरेशनवर. हो, तेच इंग्रजांकडून धरून आणलेलं. ते पेटलं आणि त्याच्यावरून बाकीची. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून ठेवलेलं होतं, त्यामुळे एकही सुटलं नाही. बांधून का ठेवलं याचं उत्तर सोपं आहे, समोर नुसती तोफांची भिंत उभी असताना उघड्यावर जाऊन लढणं शक्य नव्हतं. गुराब उथळ पाण्यातली, पुढच्या नाळेवर तोफा, गलबतं वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की मोठ्या जहाजाच्या मागून जाऊन त्याला घेरायचं ही त्यांची लढाई. बंदरात कोंडल्यावर ती लढाई खेळताच येत नाही.

कान्होजींपासून उभं केलेलं आरमार एका संध्याकाळीत गेलं. बांधकामावर असलेली जहाजं पण गेली.

---

सागरवेडी
१४ फेब्रुवारी, रात्री ८:०५

मग समुद्राखालच्या भिंतीचं काय?? ती खरी ना? मी तर ट्रेकच्या ग्रुपला दर वेळी तीच गोष्ट सांगते 😅

---

तोफखाना
१४ फेब्रुवारी, रात्री ९:११

भिंत आहे. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून पाहिली आहे, लांबी १२२ मीटर असं दिलेलं वाचलंय. तिचा नेमका उपयोग काय आणि कोणी बांधली यावर वाद घालायला जागा आहे. पण ताई, ती समुद्राकडच्या बाजूला. वर दप्तरबाज म्हणतात तसं इंग्रज शिरले खाडीच्या तोंडातून. भिंत दारात आणि चोर मागल्या परसातून, असं झालं.

शिवाय जेम्स आधीच येऊन गेला होता. मोठ्या हल्ल्याच्या आधी त्याला पाहणीला पाठवलं होतं, तो किल्ल्याजवळ येऊन पाण्याची खोली मोजून गेला आणि जाऊन सांगितलं की मोठी जहाजं भिंतीला अगदी खेटून उभी राहू शकतात, ऐकलं होतं तेवढं हे प्रकरण अवघड नाही. लढाई तिथेच निम्मी झाली. बाकी गोळाफेक.

---

पुणेरी_पगडी
१४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आता येतीलच सगळे, "पेशव्यांनी आरमार बुडवलं" म्हणत. त्याआधी दोन मुद्दे.

एक, करारात किल्ला पेशव्यांना मिळायचा होता, जाळून राख झालेलं आरमार नाही. नानासाहेबांना आरमार हवंच होतं, फक्त तुळाजी नको होता. दोन, त्यानंतर विजयदुर्गातच पेशव्यांनी आरमार पुन्हा उभं केलं, आनंदराव धुळपांच्या हाताखाली. एप्रिल १७८३ मध्ये याच धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज पकडून विजयदुर्गाला आणलं, त्या लढाईत जखमी झालेला कर्नल हंबरस्टन घेरियातच मेला. तेव्हा बुडालं बुडालं म्हणून गळे काढणाऱ्यांनी जरा पुढची पानंही वाचावीत.

---

रत्नांग्री_हापूस
१४ फेब्रुवारी, रात्री ११:५५

पगडीसाहेब, पुढची पानं वाचली. करारात किल्ला पेशव्यांना द्यायचा होता ना? मग १३ तारखेला निशाण कोणाचं लागलं? आदल्या रात्रीच क्लाइव्हने माणसं उतरवली ती किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या बरोबर मध्ये. म्हणजे लढाई चालू असताना इंग्रजांना तुळाजीपेक्षा काळजी होती ती आपलाच मित्र आत शिरेल याची. मुंबईहून निघायच्या आधीच लुटीचे वाटे ठरले होते, कोणाला कितवा हिस्सा, आणि त्यात मराठ्यांचं नाव नव्हतं. सुमारे दहा लाख रुपये मिळाले, आपसात वाटून घेतले. त्यानंतर किल्ला सोडायला ऑक्टोबर उजाडला, तोही बाणकोट घेतल्यावरच सोडला.

एवढं सगळं ज्याच्या डोळ्यासमोर झालं त्याला कळायला नको होतं का की हा मित्र कसला आहे? माझा राग जळालेल्या लाकडावर नाहीये. आठ महिने किल्ला दाबून बसलेल्या माणसाशी आपण पुन्हा करार करतो, त्यावर आहे.

---

पुणेरी_पगडी
१५ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

हा मुद्दा मान्य. २७० वर्षांनी शहाणपण सोपं असतं हे जाता जाता नोंदवतो, पण मान्य.

---

सत्यशोधक७६
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]

---

संपादक
१५ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

पेशवे म्हटलं की जात, आंग्रे म्हटलं की जात, हे इथे चालणार नाही. धागा चांगला चाललाय, चालू द्या. पुढचा असा प्रतिसाद दिसला तर नुसता प्रतिसाद नाही, सदस्यत्व पण जाईल.

---

गिर्ये_ते_ग्रीनिच
१५ फेब्रुवारी, दुपारी २:१०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शूटर्स_हिलवाला, आज सकाळीच जाऊन आलो त्या बुरुजाला, थंडीने बोटं गारठली पण आलो. घरून फोनवर बाबांना दाखवला तर म्हणाले "ह्यांनी आमचे किल्ले घेतले तां घेतले, नावांय घरी घेवन गेले".

दप्तरबाज, तुम्ही म्हणालात की आठवण टिकली नाही कारण ती सांगायला अवघड. हे दोन दिवस डोक्यात घोळतंय. मला वाटतं आमच्या गावाने मुद्दाम विसरलेलं नाही. विचार करा, खाडीत आपली जहाजं जळतायत, त्यावर आपलेच खलाशी, गावातल्याच घरांतले. समोरून इंग्रज तोफा मारतोय. आणि मागे जमिनीवर जी फौज उभी आहे ती मराठीच बोलणारी, भगव्या झेंड्याची, आणि ती बघत उभी आहे. पोराबाळांना ही गोष्ट कशी सांगणार? भिंतीची गोष्ट सांगणं सोपं. आमच्या आजोबांनी पण तेच केलं असणार.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन, एडवर्ड आइव्ह्ज, त्याने लिहून ठेवलंय. तुळाजी स्वतः लढाईच्या आधीच बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, तो तिथेच अडकला, मग उरलेलं आयुष्य कैदेत. पण त्याची आई, बायका, लहान मुलं किल्ल्यातच होती. किल्ला पडल्यावर वॉटसन त्यांना भेटायला गेला. म्हातारीने रडत सांगितलं की आता लोकांना राजा नाही, तिला मुलगा नाही, मुलांना बाप नाही. वॉटसन म्हणाला की मी तुमचा बाप. तेव्हा सहाएक वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरला आणि हुंदके देत म्हणाला की मग तूच माझा बाप. आइव्ह्ज लिहितो की ॲडमिरलच्या डोळ्यात पाणी आलं.

आता हे इंग्रजाने इंग्रजाचं कौतुक म्हणून लिहिलंय हे मलाही कळतं. पण तो मुलगा! आम्ही ज्या किल्ल्यात क्रिकेट खेळलो तिथेच कुठेतरी. स्मारकावर कलकत्त्याची बाई कोरली, चंद्रनगरचा कैदी कोरला, घेरियाला नुसती तारीख. त्या मुलाला कोणी कोरलं नाही.

---

अनुजा_क
१५ फेब्रुवारी, दुपारी ३:०० 

😔

---

सागरवेडी
१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२२

अवांतर: किल्ल्यात ते साहेबाचे कट्टे आहेत ना, जिथून लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम शोधला, ते पण आता खोटं म्हणू नका प्लीज.

---

तोफखाना
१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:५०

@सागरवेडी १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, त्याच्या प्रकाशात ती हेलियमची नवी पिवळी रेघ दिसली हे खरं. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होता, त्याने त्याची निरीक्षणं ऑक्टोबरात तिथूनच केली. सॉरी ताई. भिंतीपुरतं समाधान माना 😄

---

गिर्ये_ते_ग्रीनिच
१५ फेब्रुवारी, रात्री ९:४५

तोफखाना, तुमच्यासाठी एक काम आहे. आमच्या घरी एक लोखंडी गोळा आहे. पणजोबांना कुळाथाच्या शेतात नांगरताना मिळाला असं सांगतात. आजी त्याला "तोफेचो गुंडो" म्हणायची आणि लोणच्याच्या बरणीवर लाकडी झाकण ठेवून त्यावर हा ठेवायची, कैरी दबून राहावी म्हणून. अजूनही तीच ड्युटी करतोय. आईबाबा परवाच गावी परतलेत, त्यांना मोजून घ्यायला सांगितलं. दोरा गुंडाळून घेर साडेसतरा इंचाच्या जरा आत. आंब्याच्या पेट्या करायचा काटा सध्या रिकामाच आहे, त्यावर साडेदहा किलो. आतून भरीव वाटतोय, ठोकल्यावर बद्द वाजतो. कोणाचा असेल?

---

तोफखाना
१५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

अहो हे आधी सांगायचं!!

घेर साडेसतराच्या आत म्हणजे व्यास साधारण साडेपाच इंच. इंग्रजी चोवीस पौंडी गोळा त्याच मापाचा. चोवीस पौंड म्हणजे १०.९ किलो, गंजून आणि खपल्या पडून साडेदहा झाला असेल तर एकदम बरोबर. भरीव आहे म्हणजे उखळीचा नव्हे, उखळीचा बाँब पोकळ असतो, आत दारू आणि भोकात वात. हा सरळ मारलेला, भिंत फोडायचा गोळा. मोठ्या लढाऊ जहाजाच्या खालच्या मजल्यावर एवढ्या जड तोफा असायच्या.

पण "हा केंटवरून आला" असं छातीठोक सांगू नका कोणाला. किल्ल्याचा पाडाव झाला तेव्हा इंग्रजांना दोनशेच्या वर तोफा मिळाल्या होत्या, आणि आंग्र्यांकडे धरलेल्या जहाजांवरच्या परदेशी तोफा असणारच. म्हणजे तोच गोळा किल्ल्यावरून इंग्रजांवर सोडलेला आणि चुकून शेतात पडलेला पण असू शकतो. शेत किल्ल्याच्या कोणत्या दिशेला आहे?

---

गिर्ये_ते_ग्रीनिच
१५ फेब्रुवारी, रात्री १०:५२

किल्ल्याच्या दक्षिणेला, वर सड्याकडे (कातळाच्या माळाकडे) जाताना.

---

तोफखाना
१५ फेब्रुवारी, रात्री ११:०४

मग जहाजं उत्तरेला खाडीत, शेत दक्षिणेला, मध्ये किल्ला. नेम उंच धरला की गोळा किल्ल्यावरून पलीकडे जातो. १०० टक्के नाही सांगत. पण मी असतो तर बरणीवरून उतरवला असता.

---

गाबीत_पोर
१६ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

आणि सड्याकडे तर फौज होती ना पेशव्यांची? म्हणजे इंग्रजाचा गोळा त्याच्या दोस्ताच्याच अंगावर जात होता का काय. बघा म्हणजे झाला.

धागाकर्त्यानू, गावात याल तेव्हा गोदी बघायला चला माझ्याबरोबर. खाडीत आत, कातळ फोडून केलेली, शंभर मीटरच्या वर लांब आणि सत्तर मीटर रुंद. किल्ल्यावर सगळे जातात, गोदीवर कोण जात नाही. मी लहान असताना तिथे कालवं काढायला जायचो, कोणी सांगितलं नव्हतं की इथे गुराबं उभी राहायची. पण ओहोटीची वेळ बघून जायचं, भरतीला काय दिसत नाही.

---

दप्तरबाज
१६ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

गोळा पुरातत्त्व खात्याला दाखवा, निदान फोटो आणि माप तरी द्या. गेल्या वर्षी जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग दोन्ही आहेत, आता लोक येतील, विचारतील. त्यांना भिंत सांगाच, पण १३ फेब्रुवारी पण सांगा. तुमच्या गावात सांगणारं कोणीतरी हवं.

---

गिर्ये_ते_ग्रीनिच
१६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

गाबीत_पोर, मे महिन्यात येतोय, नक्की जाऊ, वेळ तुम्ही काढा.

गोळ्याबद्दल बाबांना सगळं वाचून दाखवलं, चोवीस पौंड, केंट, सडा, पुरातत्त्व खातं. शांतपणे ऐकलं. म्हणाले देऊया की, आपल्या घरात ठेवून काय करायचंय. मग फोन आईकडे गेला. आई म्हणाली नेऊ देत, पण कैऱ्या यायच्या आत तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी आणून द्या.

तोफखाना, चोवीस पौंडाला पर्याय सुचवा.

---

तोफखाना
१६ फेब्रुवारी, दुपारी १:०५

जिममधली दहा किलोची प्लेट. चपटी पण आहे, घरंगळणार नाही.